आर्मर्ड फायबरचं अर्थिंग: दोन्ही टोकांना, एकाच टोकाला, की नकोच?

आधी तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात मांडतो. एमआयडीसीतला कारखाना आहे. जुन्या ऑफिसच्या सर्व्हर रूमपासून रस्त्यापलीकडच्या नवीन शेडपर्यंत साधारण ४०० मीटर २४ कोर आर्मर्ड ओएफसी (धातूचं कवच, म्हणजे आर्मर, असलेली ऑप्टिकल फायबर केबल) जमिनीतून टाकलीय, आणि शेडला वेगळं वीज कनेक्शन, वेगळा ट्रान्सफॉर्मर आहे. सेफ्टी ऑडिटरने विचारलं की आर्मरचं अर्थिंग कुठंय. केबल टाकणारा म्हणतो फायबरमधून लाइट जातो, करंट नाही, मग अर्थिंग कशाला. इलेक्ट्रिशियन म्हणतो दोन्हीकडे करून टाका. सीसीटीव्हीवाला म्हणतो एकाच बाजूला करा नाहीतर ग्राउंड लूप होईल. यातलं कोणाचं ऐकायचं?

माझं उत्तर असं आहे की केबल ज्या ज्या बिल्डिंगमध्ये शिरते तिथं शिरायच्या जागीच आर्मरचा निर्णय लागला पाहिजे, एकतर तो त्या बिल्डिंगच्या मेन अर्थ बारला नीट जोडायचा, नाहीतर तिथंच तोडून आत धातू जाऊच द्यायचा नाही. तिसरा मार्ग नाही. आणि तुमच्याकडे नेमका तिसरा प्रकार झालाय असं दिसतंय, म्हणजे आर्मर थेट रॅकपर्यंत आणून एलआययूमध्ये (फायबर जिथं संपतात त्या बॉक्समध्ये) नुसता कापून सोडलाय, ना कुठे जोडलाय ना कुठे इन्सुलेट केलाय. सगळ्यात धोक्याची अवस्था हीच, कारण स्प्लायसिंग, म्हणजे फायबरचे जोड, करणाऱ्या पोराचा हात पहिल्यांदा तिथंच लागतो.

केबलवाल्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. काचेतून करंट जात नाही, पण केबल म्हणजे नुसती काच नाही. लूज ट्यूब आर्मर्ड केबलमध्ये फायबर ठेवलेल्या ट्यूबांच्या बाहेर नालीदार स्टीलची टेप गुंडाळलेली असते, साधारण ०.१५ मिमी जाडीची, दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचं कोटिंग असलेली, आणि काही केबलमध्ये मधला स्ट्रेंथ मेंबर (ताण सोसणारा दांडा) एफआरपी, म्हणजे फायबरग्लासचं प्लॅस्टिक, न वापरता स्टील वायरचा असतो, तोही धातूच. म्हणजे तुम्ही ऑफिस आणि शेड यांच्यामध्ये ४०० मीटर लांब लोखंडी पट्टी पुरली आहे, तिच्या आत काच आहे एवढंच. जवळ वीज पडली, शेजारच्या पॉवर केबलला फॉल्ट झाला, जेसीबीने एचटी (उच्च दाबाची) केबल आणि ओएफसी एकदम ओढली, तर त्या पट्टीवर व्होल्टेज येणार आणि ते दोन्ही टोकांना पोचणार. तिथं काच आहे की तांबं आहे याचा त्या व्होल्टेजला काही फरक पडत नाही.

आता ग्राउंड लूपचं. तांब्याच्या सिग्नल केबलमध्ये, ऑडिओ, जुने कोॲक्स कॅमेरे, आरएस-४८५ वगैरे, तिथं शील्डमधून करंट फिरला की सिग्नल बिघडतो, ही भीती खरी आहे. फायबरमध्ये आर्मरमधून करंट गेला तरी डेटावर काही होत नाही, पिंग तेच राहणार. म्हणून सिग्नल खराब होईल या कारणासाठी एकच टोक जोडा हा सल्ला इथं लागू होत नाही. दोन्ही टोकं जोडावीत की नाही याचं कारण वेगळं आहे, ते म्हणजे दोन बिल्डिंगच्या अर्थमध्ये फरक पडला की तो करंट या पातळ टेपमधून वाहणार, आणि ती टेप त्यासाठी बनवलेलीच नाही.

जरा आकडे मांडून बघा, लगेच कळतं. आर्मरचा व्यास १० मिमी धरा, म्हणजे घेर ३० मिमीच्या वर, जाडी ०.१५ मिमी, म्हणजे स्टीलचा क्रॉस सेक्शन जेमतेम ४.७ चौ. मिमी. स्टीलचा रेझिस्टन्स तांब्याच्या आसपास आठपट, म्हणजे करंट नेण्याच्या हिशोबात ही टेप साधारण ०.६ चौ. मिमी तांब्याच्या तारेएवढी झाली. ४०० मीटरला तिचा रेझिस्टन्स येतो १२ ओहमच्या आसपास. म्हणजे दोन अर्थमध्ये ५० व्होल्टचा फरक असेल तर चारेक अँपियर सतत वाहतील, २३० व्होल्ट आले तर १९ अँपियर. लांब केबलला तिचा स्वतःचा रेझिस्टन्सच थोडं वाचवतो. पण हीच केबल ४० मीटरची असेल, म्हणजे मेन बिल्डिंग ते सिक्युरिटी केबिन किंवा वजनकाटा, तर रेझिस्टन्स सव्वा ओहम, आणि दोन्ही बाजूंचं अर्थिंग चांगलं असेल तर शंभर अँपियर सहज जाऊ शकतात, काही सेकंदांत टेप इतकी तापते की पॉलिथिलीनचं जॅकेट आणि आतल्या ट्यूब मऊ पडायला लागतात. लोक उलटं समजतात, लांब केबलला घाबरतात आणि ४० मीटरवाल्याकडे बघतच नाहीत.

म्हणून दोन्ही टोकं जोडायची तर अट एक, त्या दोन बिल्डिंगचं अर्थिंग आधीपासूनच जाड कंडक्टरने एकमेकांना जोडलेलं पाहिजे. एकाच कंपाउंडमध्ये एकाच ट्रान्सफॉर्मरवर चालणारे शेड असतील आणि सगळीकडे जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पट्टीचा अर्थ ग्रिड फिरवलेला असेल तर बिनधास्त दोन्ही टोकं जोडा, फॉल्टचा करंट पट्टीतून जाईल, आर्मरच्या वाट्याला थोडा येईल. आर्मर हाच दोन अर्थमधला एकमेव दुवा असं मात्र कधी होऊ द्यायचं नाही. तुमच्या केसमध्ये मध्ये रस्ता आहे, ट्रान्सफॉर्मर वेगळा, ग्रिड वेगळा. म्हणून मी ऑफिसच्या टोकाला आर्मर जोडेन आणि शेडच्या भिंतीबाहेर तोडेन.

अमेरिकेच्या एनईसीमध्ये (तिथल्या वायरिंगच्या कोडमध्ये) आर्टिकल ७७० पूर्ण ऑप्टिकल फायबरवरच आहे, त्यातही हीच दोन उत्तरं दिली आहेत, बिल्डिंगमध्ये शिरणाऱ्या केबलमधले धातूचे भाग एंट्रीच्या शक्य तितक्या जवळ अर्थ करा किंवा इन्सुलेटिंग जॉइंट देऊन तोडा. बाँडिंगची तार तिथं कमीत कमी १४ एडब्ल्यूजी तांब्याची सांगितलीय, म्हणजे साधारण २ चौ. मिमी, आणि ६ एडब्ल्यूजीपेक्षा जाड घ्यायची सक्ती नाही, म्हणजे साधारण १३ चौ. मिमी. घरांसाठी तिची लांबी ६ मीटरच्या आत ठेवायला सांगितलीय. आपल्याकडे तो कोड कायद्याने लागू नाही, आपल्याला अर्थिंगचं भारतीय मानक आयएस ३०४३ बघायचं, पण कामाची दिशा म्हणून ७७० वाचण्यासारखं आहे. मी स्वतः एंट्रीपासून अर्थ बारपर्यंत १६ चौ. मिमीची हिरवी-पिवळी तार टाकतो, आणि रॅकच्या आतल्या छोट्या जोडण्यांना ६ चौ. मिमी. तारेतले चार पैसे वाचवून काही मिळत नाही.

तारेच्या जाडीपेक्षाही तिची लांबी आणि वळणं जास्त महत्त्वाची, हे लोकांच्या डोक्यात यायला वेळ लागतो. आकाशातून पडणाऱ्या विजेचा करंट इतक्या झटक्यात चढतो की तिथं तारेचा ओहम रेझिस्टन्स गौण होतो आणि इंडक्टन्स भारी पडतो. सरळ तारेला मीटरमागे साधारण १ मायक्रोहेन्री. करंट दर मायक्रोसेकंदाला १० किलोअँपियरने चढला तर प्रत्येक मीटरवर १० हजार व्होल्ट उभे राहतात. म्हणजे तुम्ही केबल खालून आत घेतली, छतावरून फिरवून दुसऱ्या मजल्यावर रॅकला आणली आणि तिथून बारा मीटर तार ओढून खाली अर्थ पिटला नेली, तर मल्टीमीटरवर कंटिन्यूइटी छान दिसेल पण वीज पडल्यावर तुमचा रॅक लाखभर व्होल्टवर असेल. म्हणून जोडायचं ते भिंतीपाशी, एंट्रीलाच, तार आखूड, सरळ, गुंडाळी करून टाय मारलेली नको, आणि लोखंडी पाइपातून न्यायची असेल तर पाइपाची दोन्ही टोकं त्याच तारेला जोडायची.

आता एक गोष्ट जरा जोर देऊन सांगतो कारण कोटेशनमध्ये हा प्रकार सर्रास असतो. नेटवर्कवाले स्वतःचा वेगळा केमिकल अर्थ पिट मारतात, त्याला क्लीन अर्थ म्हणतात, आणि आर्मर, रॅक, यूपीएस सगळं त्याला जोडतात, पण तो पिट बिल्डिंगच्या मेन अर्थला जोडत नाहीत. हे करू नका. एकाच खोलीत दोन वेगळे अर्थ असणं म्हणजे एका हाताने रॅक आणि दुसऱ्या हाताने एसीची बॉडी धरली तर दोन्हींमधला फरक माणसाच्या छातीतून जाणार. पिटची व्हॅल्यू २ ओहम आहे की ५ ओहम यावर लोक तासभर वाद घालतात, पण २० किलोअँपियरची वीज ५ ओहममध्ये गेली तर १ लाख व्होल्ट होतात आणि २ ओहममध्ये गेली तरी ४० हजार, दोन्हीत माणूस वाचत नाही. माणूस वाचतो तो त्याच्या हाताला लागणारं सगळं एकाच व्होल्टेजला असल्यामुळे. मराठवाड्यात बेसाल्टवर दोन फूट मुरूम असतो, कोकणात जांभा, तिथं कितीही मीठ-कोळसा घाला उन्हाळ्यात व्हॅल्यू चढणारच. काळ्या मातीत पावसाळ्यात मस्त येते आणि मे महिन्यात भेगा पडल्या की परत चढते. म्हणून पिट जरूर मारा पण तो मेन अर्थ बारला जोडा, त्याच्या एकट्याच्या जिवावर राहू नका.

तोडायची बाजू कशी करायची. सगळ्यात स्वच्छ पद्धत म्हणजे शेडच्या भिंतीबाहेर जॉइंट क्लोजर किंवा वेदरप्रूफ टर्मिनेशन बॉक्स लावायचा, प्लॅस्टिकचा, आर्मर्ड केबल तिथं संपवायची आणि आत धातू नसलेली, एफआरपीवाली केबल न्यायची. स्टीलचा स्ट्रेंथ मेंबर असेल तर तोही तिथंच थांबवायचा आणि दोन्ही केबलचे मेंबर क्लोजरमधल्या एकाच लोखंडी पट्टीवर आवळायचे नाहीत, नाहीतर टेप तोडूनही मधली वायर जोडलेली राहते आणि सगळी मेहनत वाया जाते. हे मी बऱ्याच साइटवर पाहिलंय. आणि ही तोडलेली कड निरुपद्रवी समजू नका. तो आर्मर ऑफिसच्या अर्थला जोडलेला आहे, म्हणजे ऑफिसकडे एचटी फॉल्ट होऊन तिथला अर्थ ३०० व्होल्टने उचलला गेला तर ते ३०० व्होल्ट शेडच्या भिंतीवर त्या कडेवर येऊन थांबणार. म्हणून कडेवर हीट श्रिंक कॅप, बॉक्स बंद, आणि आत मराठीत टॅग, ‘आर्मर ऑफिसला अर्थ आहे, इथं जोडू नये, मोजल्याशिवाय हात लावू नये.’ दोन वर्षांनी दुसराच कोणीतरी येतो, त्याला मोकळा आर्मर दिसतो आणि तो चांगल्या मनाने शेडच्या अर्थला जोडून टाकतो.

मोजल्याशिवाय हात लावू नये हे स्वतःसाठीही पाळा. उघडलेल्या आर्मरला हात लावायच्या आधी मल्टीमीटरने तिथल्या अर्थच्या तुलनेत एसी आणि डीसी दोन्ही व्होल्टेज बघायचं, जे मिळेल ते लिहून ठेवायचं, पन्नासच्या आसपास किंवा वर दिसलं तर काम थांबवून कारण शोधायचं. इन्सुलेटेड ग्लोव्हज घाला, आणि टेपच्या कडा ब्लेडसारख्या असतात म्हणून वरून कट न होणारे ग्लोव्हज. ढग दाटून आले असतील, एप्रिल-मेच्या वळवात किंवा परतीच्या पावसात, तर आर्मर आणि अर्थचं काम त्या दिवशी करायचंच नाही. वीज चार किलोमीटरवर पडली तरी लांब केबल तिची खबर तुमच्या हातापर्यंत आणू शकते.

जोडणी कशी करायची त्यात खूप चुकीचं चालतं. होज क्लिप जॅकेटवरून आवळणे, टेपला तार गुंडाळून इन्सुलेशन टेप मारणे, आणि सगळ्यात वाईट म्हणजे सोल्डर करणे, त्या उष्णतेने खालच्या ट्यूब खराब होतात. फायबरसाठी बनवलेला शील्ड बाँड कनेक्टर वापरा, त्याला दातेरी दोन पट्ट्या असतात. जॅकेट आणि आर्मर रिपकॉर्डने उघडायचा, कडेपासून इंचभर उभी चीर द्यायची, कनेक्टरची खालची पट्टी टेपच्या आत आणि ट्यूबच्या वर अलगद सरकवायची, वरची पट्टी जॅकेटवर, आणि मधला नट आवळायचा. टेपवर प्लॅस्टिकचं कोटिंग असतं म्हणून दाते त्यातून आरपार गेले पाहिजेत, नाहीतर बाहेरून जोडणी दिसते आणि प्रत्यक्षात दोन धातूंमध्ये प्लॅस्टिक बसलेलं असतं. शंका असेल तर आतून पॉलिश पेपरने हलकं घासा, आधी जेली आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून घ्या. आवळताना जोर लावू नका. ट्यूब दबली की फायबरला बेंड पडतो, १३१० नॅनोमीटरच्या लाइटवर कदाचित कळणार नाही पण १५५० नॅनोमीटरवर लॉस उठून दिसतो. म्हणून जोडणीआधी आणि नंतर ओटीडीआर (फायबरमध्ये लॉस कुठं होतो ते दाखवणारं मीटर) १५५० वर मारून दोन्ही ट्रेस ठेवा. तारेच्या टोकाचा लग टिन केलेला घ्या, उघडं तांबं जीआय पट्टीवर थेट बसवलं आणि तिथं ओल आली की पट्टी गंजते, दोनचार पावसाळ्यांत जोडणी फक्त दिसायला उरते.

मध्ये जॉइंट असेल तर तिथं दोन्हीकडचे आर्मर बाँड वायरने एकमेकांना जोडलेलेच पाहिजेत. टोकाला उत्तम अर्थ केलं आणि दीडशे मीटरवरच्या क्लोजरमध्ये टेप तुटलेली ठेवली, तर पुढचा अडीचशे मीटरचा तुकडा तरंगतोय. लांब रूटवर केबल लोकेटरचा टोन (पुरलेली केबल शोधायचा सिग्नल) आर्मरवरच टाकतात, तेव्हा अर्थ थोडा वेळ सोडवता येईल असा लिंक बॉक्स मार्करपाशी असेल तर पुढे फॉल्ट शोधताना खूप सोय होते.

तपासणी सोपी आहे. दोन्ही टोकांचं अर्थ सोडवा, दुसऱ्या टोकाला माणूस उभा करा आणि त्याला फोनवर सांगा की हात लावू नको, मग आर्मर ते अर्थ ५०० व्होल्ट डीसी मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) करा. चांगल्या जॅकेटला मेगओहममध्ये रीडिंग येतं. किलोओहममध्ये आलं तर जॅकेट कुठेतरी फाटलंय, पाणी शिरलंय, टेप गंजायला सुरुवात झालीय, कुदळीची जखम असते बहुतेक. मेगर झाल्यावर आर्मर डिस्चार्ज करून मगच पुढे जायचं, ४०० मीटरची केबल कपॅसिटरसारखी चार्ज धरते.

काही जागा अशा आहेत की तिथं जोडू की तोडू हा प्रश्नच येऊ द्यायचा नाही, धातूच न्यायचा नाही. एचटी सबस्टेशन त्यात पहिलं. फॉल्टच्या वेळी यार्डचा अर्थ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वर उचलला जातो, ग्रिड ०.५ ओहमचा आणि त्यातून १० किलोअँपियर गेला तर ५ हजार व्होल्ट, आणि तुमचा आर्मर ते व्होल्टेज घेऊन थेट ऑफिसात येतो. टॉवर लाइनवरून येणारी ओपीजीडब्ल्यूसुद्धा (आत फायबर असलेली अर्थ वायर) गँट्रीवरच्या जॉइंट बॉक्समध्ये संपवतात आणि तिथून कंट्रोल रूमला धातू नसलेली केबल नेतात, याच कारणाने. तुमच्या शेडच्या ट्रान्सफॉर्मर यार्डात मीटरिंगसाठी किंवा कॅमेऱ्यासाठी फायबर जाणार असेल तर पूर्ण डायइलेक्ट्रिक (धातू अजिबात नसलेली) केबल घ्या. २५ केव्ही रेल्वेच्या किंवा २२० केव्ही लाइनच्या समांतर लांब जाणाऱ्या रूटलाही तेच, तिथं फॉल्टशिवायसुद्धा आर्मरवर इंड्यूस्ड व्होल्टेज बसलेलं असतं. उंदरांसाठी आर्मर हवाच असा हट्ट असेल तर ग्लास यार्न किंवा एफआरपी रॉडच्या आर्मरची केबल मिळते, थोडी महाग पडते, पण हा सगळा पसारा वाचतो. नवीन काम असेल आणि केबल एचडीपीई (प्लॅस्टिकच्या) डक्टमधूनच जाणार असेल तर मी सरळ मेटल फ्री केबल सुचवतो, डक्ट संरक्षण देतोच.

हवेतून जाणाऱ्या केबलबद्दल मला खरंच कळवळून सांगावंसं वाटतं. आपल्याकडे गल्लोगल्ली सहा कोरची युनिट्यूब आर्मर्ड केबल जीआय वायरला बांधून गच्चीवरून गच्चीवर आणि महावितरणच्या एलटी (कमी दाबाच्या) पोलवरून ओढलेली असते. वादळात एलटीचा कंडक्टर तुटून त्या जीआय वायरवर पडला की पुढच्या दहा बिल्डिंगच्या जिन्यात फेज येतो, आणि पहिला झटका बसतो तो सकाळी ‘नेट गेलंय’ म्हणून शिडी घेऊन आलेल्या अठरा-वीस वर्षांच्या पोराला. त्याला कोणी सांगितलेलंच नसतं की फायबरलाही शॉक असतो. तिथं एडीएसएस (धातू नसलेली, स्वतःचं वजन पेलणारी केबल) किंवा एफआरपीवाली ड्रॉप केबल वापरा. जीआय वायर असेलच तर वीज पोलच्या स्टे वायरला असतात तसे स्ट्रेन इन्सुलेटर मध्ये टाका, आणि त्या पोरांना टेस्टर वापरायला शिकवा.

तुमच्या साइटवर आता चालू लिंक न पाडता काय करता येईल ते सांगतो. ऑफिसच्या बाजूला काही अडचण नाही, एंट्रीपाशी जॅकेट आणि आर्मरची खिडकी उघडून ट्यूब न कापता शील्ड बाँड बसवता येतो आणि तिथून १६ चौ. मिमी तार मेन अर्थ बारला जाईल. शेडच्या बाजूला आधी केबलची डेटाशीट बघा. मधला मेंबर एफआरपी असेल तर भिंतीबाहेर १०-१५ सेंटीमीटर जॅकेट आणि टेपचं वेटोळं काढून टाका, ट्यूबांना हात न लावता, दोन्ही कडा वेगळ्या सील करा आणि वर इनलाइन क्लोजर लावा. उरलेल्या तुकड्याचा आर्मर जो आत शेडमध्ये राहिला तो शेडच्या रॅक अर्थला जोडून टाका, तो आता ऑफिसपासून वेगळा आहे. मेंबर स्टीलचा निघाला तर चालू लिंकवर तो कापायचं धाडस करू नका, पुढच्या वीकली ऑफला शटडाउन घ्या, बाहेर टर्मिनेशन बॉक्स लावा, आत डायइलेक्ट्रिक केबल ओढा आणि २४ कोर पुन्हा स्प्लाइस करा. तोपर्यंत शेडच्या एलआययूतला मोकळा आर्मर निदान हीट श्रिंकने झाका आणि त्यावर टॅग लावा, हे आजच होऊ शकतं. ऑडिटरला फोटो, दोन्ही ओटीडीआर ट्रेस, मेगरचं रीडिंग आणि कुठलं टोक जोडलं, कुठलं तोडलं याचं हाताने काढलेलं स्केच दिलं तरी चालतं, फक्त त्याची एक प्रत लॅमिनेट करून दोन्ही रॅकच्या दाराच्या आत चिकटवा.